ऑनलाइन नोकरी शोधताय? आधी सापडायला शिका

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत मी चौदा वर्षं एचआरमध्ये काढली. आता फोंड्याला घरी असते. शनिवारी संध्याकाळी आमच्या सोप्यावर चार-पाच मुलं-मुली येऊन बसतात. कुणी बेतोड्याहून, कुणी डिचोलीहून, एक-दोघी थेट सत्तरीतून. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, दोनशे ठिकाणी अप्लाय केलं, एकाचाही फोन नाही." मी म्हणते, आठवडाभर अप्लाय करणं बंद ठेव. आधी तू कुणाला दिसतेस का ते बघू.

माझ्या खुर्चीतून काय दिसायचं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. क्यूसीत, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, जागा निघाली की मी जाहिरात टाकायचे. दुसऱ्या दिवशी अर्जांचा ढीग. त्यात सिव्हिल इंजिनिअर, बीकॉम, देशाच्या दुसऱ्या टोकाची माणसं, सगळेच. तो ढीग उपसायला वेळ नसायचा. म्हणून मी नोकरी डॉट कॉमचं रेझडेक्स उघडायचे. कंपन्या पैसे भरून वापरतात तो उमेदवारांचा साठा. त्यात शब्द टाकायचे: क्यूसी, एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), जीएमपी (औषधं बनवण्याचे दर्जाचे नियम). अनुभव एक ते तीन वर्षं. ठिकाण गोवा. गेल्या महिन्याभरात जो पोर्टलवर आलाय तोच दाखव. जी यादी यायची तिच्यातल्या पहिल्या वीस-पंचवीस जणांना फोन जायचे. बहुतेक वेळा जागा तिथेच भरायची. ढिगातली मुलं वाईट नव्हती. मी शोधत होते तेव्हा ती मला दिसली नाहीत, एवढंच.

तेव्हा पहिलं काम शब्दांचं. तुम्हाला हव्या असलेल्या नोकरीच्या पाच जाहिराती काढा. लांबच्या नकोत, वेर्णा, कुंडई, मडकई, तुये अशा आपल्या भागातल्या घ्या. प्रत्येकीत पुन्हा पुन्हा येणारे शब्द वहीत उतरवा. त्यातले जे तुम्ही खरोखर केलंय तेवढेच तुमच्या प्रोफाइलमध्ये त्याच स्पेलिंगने घाला. तुम्ही "केमिकल ॲनालिसिस" लिहिता आणि कंपनी "एचपीएलसी" शोधते, मग भेट होणार कशी? न केलेलं मात्र एकही घालू नका. लॅबचा प्रमुख दुसऱ्याच प्रश्नाला ओळखतो.

ठिकाणाचीही गोम आहे. आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंग पोर्तुगीज वळणाची. डिचोली "बी"ने सुरू होते, साखळीचं "सॅनक्वेलिम" होतं. नुसतं गावाचं नाव लिहिलेली प्रोफाइल माझ्या "गोवा"च्या यादीत कैकदा यायचीच नाही. गाव लिहा, पण पुढे गोवा लिहाच. आणि आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून एखादी खरी सुधारणा करा, म्हणजे "महिन्याभरात आलेला" या चाळणीतून तुम्ही गळणार नाही.

आता सीव्ही. हल्ली सगळ्यांना दोन रकान्यांचा, रंगीत पट्टीचा, प्रत्येक कौशल्यापुढे पाच चांदण्यांपैकी साडेतीन भरलेला सीव्ही आवडतो. मोठ्या कंपन्यांत तो सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि असल्या मांडणीत त्याचा पार गोंधळ उडतो. तपासायला सोपी युक्ती आहे. तुमची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ओळी सरळ आल्या तर ठीक. फोन नंबर गायब असेल, शिक्षणाच्या मध्येच छंद घुसले असतील, तर सॉफ्टवेअरलाही बहुधा तसंच दिसणार. एका रकान्यात, साध्या अक्षरांत पुन्हा करा. नंबर वरच्या हेडरमध्ये ठेवू नका, मजकुरात लिहा. आई-वडिलांचं नाव, धर्म, वजन-उंची यांतलं काहीही नको.

खरी मेहनत आतल्या ओळींवर घ्या. वाळपईची एक मुलगी आली होती, बीएस्सी केमिस्ट्री, एक वर्ष अप्रेंटिस. तिच्या सीव्हीत वरच लिहिलेलं: मेहनती, प्रामाणिक, आव्हानात्मक पदाच्या शोधात. मी तिला म्हटलं, हे बाजूला ठेव, मला सांग दिवसभर काय करायचीस?

"टेस्टिंग."

"कसलं?"

"टॅब्लेटचं. गोळी किती विरघळते ते, डिझोल्युशन."

"किती?"

"दिवसाला दोन बॅच. एका बॅचच्या सहा टॅब्लेट."

"मग?"

"सॅम्पल फिल्टर करून एचपीएलसीला लावायचं."

"मशीनमधून वाहणारं द्रावण, मोबाइल फेज, कोण बनवायचं?"

"मीच."

"आणि ते ज्या नळीतून जातं तो कॉलम खराब झाला तर?"

"प्रेशर वाढायला लागलं की कळायचं. सर यायच्या आधी मी धुऊन ठेवायची."

हे शेवटचं वाक्य ती इतक्या सहज बोलली की त्यात काही सांगण्यासारखं आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही तिच्या बोलण्यातूनच ओळ केली: टॅब्लेटचं डिझोल्युशन, रोज दोन बॅच, मोबाइल फेज तयार करणं, एचपीएलसी चालवणं, प्रेशर पाहून कॉलमची देखभाल, सगळ्या नोंदी जीएमपीप्रमाणे काम होताहोताच. "मेहनती" हा शब्द मग काढून टाकला, कारण ती ओळ वाचून कुणालाही ते दिसलं असतं.

तुम्हीही असंच करा. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि "मग पुढे?" असं विचारत राहायला सांगा. म्हापशाला अकाउंट्समध्ये काम केलेला मुलगा "अकाउंटिंगचं ज्ञान" असं लिहितो. त्याने लिहावं की टॅलीवर किती पार्ट्यांची खाती सांभाळली, जीएसटीची विवरणपत्रं, महिन्याच्या ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, स्वतः भरली की फक्त आकडे काढून दिले. कळंगुटच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला असाल तर कुठलं सॉफ्टवेअर, किती खोल्या, सीझनला दिवसाला किती चेक-इन. आणि भाषा लिहायला विसरू नका. कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही येणारा माणूस आपल्याकडे घरोघर आहे, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण बाहेरून आलेल्या प्लांट हेडला कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलणारा सुपरवायझर हवाच असतो.

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात. तिथे "सीकिंग ऑपॉर्च्युनिटी" लिहून जागा वाया घालवू नका. काम, वापरता येणारी यंत्रं-सॉफ्टवेअर, ठिकाण लिहा. "ओपन टू वर्क" ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असंही ठेवता येतं. सध्या नोकरीत असाल तर तसंच ठेवा. तरी आपल्या कंपनीच्या कानावर जाणारच नाही अशी हमी लिंक्डइनही देत नाही. फोटो उजेडात काढलेला, एकट्याचा, बस्स.

आता ओळखीचं. आपल्याकडे मुलं म्हणतात, वशिल्याशिवाय काही होत नाही. वशिला आणि ओळख यांत मी फरक करते. वशिला म्हणजे लायकी नसताना कुणीतरी ढकलणं. ओळख म्हणजे जागा आहे ही बातमी तुमच्यापर्यंत वेळेत येणं आणि तुम्ही आहात ही बातमी तिकडे जाणं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. नेहमी भेटणारा असं सहापैकी एकानेच सांगितलं. बाकीच्यांना बातमी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही जवळच्यांपेक्षा बेताच्या ओळखी जास्त कामाला आल्या. याचं कारण आपल्या घरातच दिसतं. काका, मामा, शेजारी या सगळ्यांना तीच बातमी ठाऊक असते जी तुम्हाला आहे. कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेली मुलगी, बाबांच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका, जत्रेला वर्षातून एकदा भेटणारा दूरचा भाऊ, यांचं जग वेगळं. त्यांना नोकरी मागू नका, माहिती विचारा. त्या वाळपईच्या मुलीने आपल्याच कॉलेजच्या सीनिअरला इंग्रजीत पाठवलेला निरोप साधारण असा होता:

"नमस्कार. मी आपल्याच कॉलेजची, बीएस्सी केमिस्ट्री. तुम्ही क्यूसीत आहात असं दिसलं. मी वर्षभर अप्रेंटिस म्हणून डिझोल्युशन आणि एचपीएलसी केलं आहे. तुमच्याकडे नव्या मुलींना पहिल्या वर्षी कुठल्या सेक्शनला घालतात, एवढं सांगाल का?"

उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतील असाच प्रश्न विचारायचा. सीव्ही त्यांनी मागितला की मग. आणि एक गोष्ट जी जाहिरातीत कधी लिहिलेली नसते, पण प्रत्येक एचआरच्या मनात असते: ही पोर येणार कशी? वाळपईहून वेर्ण्याला रोज दोन बस बदलून पहिली शिफ्ट गाठणं अवघड. म्हणून तिने सीव्हीच्या शेवटी लिहिलं, वेर्ण्याजवळ नुव्याला मामाकडे राहण्याची सोय आहे, तिन्ही शिफ्ट चालतील. माझ्या मते त्या एका ओळीने निम्मी शंका मिटली.

पैशाचं मात्र कळकळीने सांगते. माझ्या मावसभावाच्या मुलाने जहाजावरच्या नोकरीसाठी "डिपॉझिट" म्हणून अठरा हजार भरले, ऑफर लेटर व्हॉट्सॲपवर आलं आणि नंबर बंद झाला. घरात महिनाभर कुणी नीट जेवलं नाही. जहाजावर पाठवणाऱ्या एजंटकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि त्याला खलाशाकडून नोकरीचे पैसे घेता येत नाहीत. आखातात वगैरे पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेऊन भारतीय पोरांना म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडल्याचे प्रकार झाले आहेत. मुलाखत न घेता पगार सांगणाऱ्याला उत्तरच देऊ नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

फोनचं थोडक्यात. सत्तरीत कितीतरी घरांत रेंज नसते, तेव्हा सीव्हीवर घरातला दुसरा नंबरही द्या आणि अर्ज केल्यावर अनोळखी नंबर उचला. ऑनलाइन मुलाखत पावसाळ्यात असेल तर पत्र्याखाली बसू नका. एकाचा आवाज मला पावसापुढे ऐकूच येईना आणि तो बिचारा अर्धा तास बोलत राहिला होता. गावात पक्कं छप्पर आणि चांगलं नेट कुणाकडे आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.

मुलाखतीनंतर त्याच संध्याकाळी एक मेल पाठवायचा. नुसते आभार सगळेच मानतात. वाळपईच्या मुलीला विचारलं होतं, रिझल्ट मर्यादेबाहेर आला तर काय करशील? ती म्हणाली, पुन्हा टेस्ट करेन. बाहेर पडल्यावर तिला कळलं की चुकलं. रात्री तिने वाचून काढलं आणि चार ओळी लिहिल्या: मी घाईत चुकीचं सांगितलं. पुन्हा टेस्ट करायची नाही, आधी सुपरवायझरला कळवायचं, तयार केलेली द्रावणं फेकायची नाहीत, चूक लॅबमधली आहे का ते आधी तपासायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, सोमवारी मूळ कागदपत्रं घेऊन या.

तिचा फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, जन्मदाखला काढून बघितलास? कारण हे माझ्यावर बेतलेलं आहे. आम्ही नाईक. माझ्या शाळेच्या दाखल्यावर नाईकच्या शेवटी "के", जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पद्धतीने "क्यू-यू-ई". पहिल्या नोकरीत त्या तीन अक्षरांपायी माझं रुजू होणं तीन आठवडे लांबलं. आता तर पडताळणी करणारी कंपनी आधार, पॅन, मार्कशीट आणि पीएफचा खातेक्रमांक (यूएएन) शेजारी-शेजारी ठेवून बघते. म्हणून नोकरी शोधायला बसायच्या आधी सगळे कागद जमिनीवर पसरा आणि आडनाव अक्षर-अक्षर जुळवा. आधारवर जे आहे तेच स्पेलिंग सीव्ही, लिंक्डइन, ईमेल सगळीकडे ठेवा. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. नावच वेगळं असेल तर १९९० च्या गोव्याच्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली रीतसर अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ऑफर यायची वाट बघू नका. तिच्या कागदांत फरक एका "एच"चा निघाला. शुक्रवार होता, नोटरी सहापर्यंत बसतात, ती तशीच बसस्टॅंडवर गेली.