हरवलेलं कॉलनी-जहाज सापडतं, अशी गोष्ट लिहायचीय? मग आधी हे करा

मला हा प्लॉट फार म्हणजे फार आवडतो. एक क्रू आपल्या कामाला चाललाय आणि अचानक समोर तीन-चारशे वर्षांपूर्वी निघालेलं जहाज, ज्यात हजारो माणसं दुसऱ्या ग्रहावर संसार मांडायला निघाली होती आणि ज्याची आशा सगळ्यांनी कधीच सोडलेली. दिवाळी अंकासाठी म्हणून ओळखीतले लोक अशा गोष्टी लिहितात, मला वाचायला देतात, आणि बहुतेक वेळा एकच होतं, एअरलॉक, म्हणजे यानात शिरायचं हवाबंद दार, उघडेपर्यंत गोष्ट मस्त चालते आणि आत गेल्यावर बसते. कारण लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं की त्या माणसांचं नक्की काय झालं, मग अंधार, किंकाळी, काहीतरी चिकट हिरवं.

म्हणून पहिलं काम, शोधायला जाणारा क्रू बाजूला ठेवा. आधी हरवलेल्या लोकांनी शेवटी काय ठरवलं ते लिहून काढा. काय "झालं" नाही, काय "ठरवलं". अपघात कुठेही होऊ शकतो, पण अपघातानंतर माणसं बसून काहीतरी ठरवतात आणि त्या ठरवण्याच्या खुणा मागे राहतात.

खरं उदाहरण घ्या. १५८७ मध्ये इंग्रजांची एक वसाहत रोआनोक बेटावर उतरली, आजच्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात, साधारण ११५ माणसं. त्यांचा गव्हर्नर जॉन व्हाइट सामान आणायला इंग्लंडला गेला आणि स्पेनशी युद्ध चालू असल्यामुळे तिकडेच अडकला, परत यायला १५९० चा ऑगस्ट उजाडला, तोही १८ तारीख, म्हणजे तिथे जन्मलेल्या त्याच्या नातीचा तिसरा वाढदिवस. माणूस एकही नाही. घरं मोडून नेलेली, आणि एका खांबावर कोरलेला एकच शब्द, क्रोएटोअन, हे जवळच्या बेटाचं नाव. निघताना त्यांचं ठरलं होतं की जीव धोक्यात असेल तर क्रॉसची खूण कोरायची, ती खूण कुठेच नव्हती! आता बघा, रक्ताचा एक थेंब नाही तरी अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक खूण कुणीतरी विचार करून ठेवलेली आहे आणि जी खूण नाही तीसुद्धा बोलते. पुढे वादळामुळे व्हाइटला क्रोएटोअन बेटावर जाता आलं नाही आणि तो तसाच परत गेला. तुमच्या गोष्टीत "ठरलेली खूण" एक तरी असू द्या आणि ती अर्धीच सापडू द्या.

आता जहाजाकडे. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, प्रकाशाच्या एक टक्का वेग धरला म्हणजे सेकंदाला सुमारे ३००० किलोमीटर, तरी पोचायला ४२४ वर्षं लागतात. तुमच्या क्रूला त्या जहाजाशी आधी वेग जुळवावा लागेल, रस्त्यात दिसलं म्हणून गाडी बाजूला घेतली असं होत नाही. गुरुत्वाकर्षणासाठी जहाज गोल फिरवत असतील तर मिनिटाला दोन फेऱ्यांना त्रिज्या अंदाजे २२४ मीटर हवी, मगच पृथ्वीइतकं वजन जाणवतं. आणि हा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो, की पोकळीत फिरणारं अख्खं जहाज आपोआप थांबत नाही. अडवायला हवाच नाही. म्हणजे तुमच्या क्रूला ते न फिरणारं दिसलं तर ते कुणीतरी मुद्दाम थांबवलंय. का थांबवलं? दुरुस्तीला बाहेर पडता यावं म्हणून की कुणाला तरी डॉकिंग, म्हणजे आपलं यान येऊन जोडणं, सोपं जावं म्हणून? दार उघडायच्या आधीच तुमची गोष्ट सुरू झाली.

बंद पडलेल्या यानात शिरणं कसं असतं हे कल्पनेने लिहायची गरजच नाही, ते खरंच झालंय. १९८४ च्या एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा ज्या सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्टेशनवर राहून आले तेच स्टेशन १९८५ च्या फेब्रुवारीत गप्प झालं, तेव्हा वर कुणी नव्हतं. बॅटरी भरली की नाही हे सांगणाऱ्या एका सेन्सरने दगा दिला, सोलर पॅनलकडून चार्जिंग होईना आणि सगळं स्टेशन हळूहळू गारठून मेलं. जूनमध्ये व्लादिमीर झानिबेकोव आणि विक्टर साविनिख गेले. स्टेशनकडून काहीच सिग्नल नाही म्हणून हातात धरायच्या लेझर यंत्राने अंतर मोजत हाताने डॉकिंग केलं, आत जायच्या आधी दाब बघितला, हवा तपासली. आत बर्फ. भिंतींवर हिम, पाण्याच्या टाक्या गोठलेल्या, हे दोघं लोकरीच्या टोप्या घालून काम करताहेत. पंखे बंद होते, आणि वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे सोडलेला श्वास तोंडासमोरच साचतो आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने डोकं दुखायला लागतं. मग त्यांनी चांगल्या बॅटऱ्या निवडून वायरी थेट पॅनलला जोडल्या, आपलं सोयूझ यान वापरून अख्खं स्टेशन सूर्याकडे वळवलं आणि चार्जिंग सुरू झालं. पुढचा त्रास वेगळाच, ऊब आल्यावर बर्फ वितळून सगळीकडे पाणी, आणि ते पुसत बसायचं.

हा क्रम तुमच्या क्रूला जसाच्या तसा द्या. दाब, हवा, वीज, ऊब, मग ओल. एकेका टप्प्यात माणसं दमतात, चिडतात, एकमेकांची काळजी घेतात, आणि पात्रं तिथेच दिसतात, पहिल्या पानावर प्रत्येकाची जन्मकुंडली लिहायची गरज नाही. आणि तीनशे वर्षांनी आत दिवे लागलेले दाखवणार असाल तर वीज कुठली ते ठरवा, कारण लांब जाणाऱ्या यानांत विजेसाठी वापरतात तो प्लुटोनियम २३८ सुद्धा ८७.७ वर्षांत अर्धा होतो, म्हणजे साडेतीनशे वर्षांत सोळावा हिस्सा उरतो. एखादाच दिवा मिणमिणत असेल तर कुणीतरी बाकीचे बंद केले म्हणून तो टिकलाय, परत तेच, कुणीतरी ठरवलं.

भाषेकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडे यासारखं दुसरं मटेरियल नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत केली १५८४ मध्ये, मध्ये तीनशेच वर्षं गेली होती आणि तेवढ्यात नकला करताना इतके पाठभेद शिरले होते की नाथांना बसून पाठ तपासावे लागले. आता हेच जहाजावर आणा. मशीन चालवायची सूचना-पुस्तिका स्क्रीन गेल्यावर कुणीतरी हाताने उतरवली, मग तिच्या मुलीने, मग तिच्या नातवाने, एका पिढीत "झडप उघडा" चं "झडप उघडू नका" झालं असेल तर? तुमच्या क्रूमधल्या एकाला नाथांचं काम करायला लावा, तीन प्रती शेजारी ठेवून कुठली ओळ जुनी ते शोधायला. पिस्तुलापेक्षा यात जास्त थरार आहे. आणि जिवंत वंशज भेटणार असतील तर ते पहिल्याच वाक्यात आपल्यासारखं फाडफाड बोलणार नाहीत, आपल्याला ओवी वाचताना जसं अर्धं कळतं आणि अर्धं सुटतं तसं दोन्हीकडून होऊ द्या.

लॉगबुक सापडलंच तर त्यात सगळं उत्तर लिहून टाकू नका, प्लीज. १८७२ मध्ये मेरी सेलेस्ट जहाज अटलांटिकमध्ये रिकामं तरंगताना मिळालं तेव्हा शेवटची नोंद जवळपास दहा दिवस जुनी होती आणि ती साधी जागेची नोंद होती. दहा माणसं आणि लाइफबोट नव्हती. शेवटचा दिवस शेवटचा आहे हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं, तो धान्य किती उरलं आणि कुणाचा पोरगा तापाने फणफणलाय हे लिहितो.

तर आज रात्री एक पान लिहा, तुमच्या जहाजावरच्या अशाच एका माणसाने लिहिलेलं, त्याच्या बोलीत, शेवटच्या दिवसाचं. ते पान गोष्टीत छापायचं नाही, जवळ ठेवायचं, आणि मग एअरलॉकच्या सीनला बसायचं.