घरात शिरलेला साप दिसेनासा झाला तर

सामान उपसू नका. साप आणखी आत सरकतो. लेकरांना बाहेर काढा, वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा. सर्पमित्र रात्री येणार नसेल तर आतल्या दाराच्या फटीत पोतं घट्ट ठासा, अंगणाच्या दाराला फट ठेवा. साप बहुधा भिंतीच्या कडेकडेनं जातो. म्हणून त्याचा माग उमटावा यासाठी उंबऱ्यावर अन् भिंतीलगत वीतभर रुंद राख चाळणीनं भुरभुरा. थर पातळच हवा, जाड राख ढासळून माग बुजवते. सकाळी माग उंबऱ्याबाहेर गेला नसेल तर साप आतच समजा: फ्रिजमागे, कणगीखाली, पऱ्हाट्यांत. टॉर्च लांबूनच मारा. मण्यार रात्रीच फिरते, अंथरुणातही शिरते. दुसऱ्या खोलीत, खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपा. चावल्याची शंका जरी आली तरी लगेच १०८.