पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी : केव्हा आणि कशी करून घ्यावी

गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला पिशवीच्या तोंडाचा म्हणतात तो कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या वर्षानुवर्षे टिकलेल्या संसर्गातून होतो. सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये त्याचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार कारणीभूत असतात. लैंगिक संबंधातून हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी गाठतो, पण शरीर तो बहुधा दोनेक वर्षांत घालवते. तो ठाण मांडून बसला तरी कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे जातात, आणि तपासणी याच काळात, काहीही त्रास नसताना करायची असते.

तिशी गाठलेल्या विवाहित स्त्रीने आशाताईंकडे चौकशी करून, पाळी चालू नसताना, आरोग्य केंद्रात जावे. ज्यांना ऊसतोडीला जायचे असते त्यांनी दसऱ्याआधीच हे काम उरकावे, कारण फडावर तपासणी आणि तिचा पाठपुरावा दोन्ही अवघड होतात. परिचारिका गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबते. पांढरा चट्टा उमटला तर पुढची तपासणी करतात. भूल लागत नाही. एचपीव्ही चाचणी उपलब्ध असेल तर तीच निवडावी. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात या चाचणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले.

अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो, त्यामुळे त्यावरून घरात कोणी कोणावर संशय घेऊ नये.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. अंगावरून पांढरे जाते म्हणून कोणी ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणाले, तर आधी तपासणीचा अहवाल मागावा आणि सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण २०१९ मध्ये उघड झालेच आहे. कर्करोगापूर्वीचा बदल आढळला तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो.

मुलींना लस ९ ते १४ या वयात द्यावी. ती आधी झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनीही पुढे तपासणी करावीच.

पाळी कायमची गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर मात्र शिबिराची वाट न पाहता थेट जिल्हा रुग्णालय गाठावे.