एफवायला ॲडमिशन: मुंबई युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नाही!

बारावीचा रिझल्ट लागला की घरात सगळे एकच विचारतात, फॉर्म भरला का? पण फॉर्म एक नसतो, दोन असतात, आणि दरवर्षी कितीतरी मुलं इथेच फसतात.

पहिला युनिव्हर्सिटीचा प्री-ॲडमिशन फॉर्म, तो समर्थ पोर्टलवर भरायचा. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, यातल्या कुठल्याही जिल्ह्यातलं मुंबई युनिव्हर्सिटीचं कॉलेज हवं असेल तरी हाच. पण याने ॲडमिशन मिळत नाही, ही फक्त नोंदणी आहे. त्यानंतर ज्या ज्या कॉलेजात जायचंय त्या प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्यात आधीच्या फॉर्मचा नंबर टाकावा लागतो. माझ्या मावसबहिणीने पहिला फॉर्म भरला, प्रिंट काढून फाईलला लावली आणि निवांत बसली, मग पहिली मेरिट लिस्ट लागली तेव्हा तीनदा वरपासून खालपर्यंत बोट फिरवून नाव शोधलं, पण कॉलेजचा फॉर्मच भरला नव्हता तर नाव येणार कुठून. मार्क चांगले होते हो, तरी शेवटी उरलेल्या सीटवर दोन ट्रेन बदलून जायच्या कॉलेजात जावं लागलं. फार वाईट वाटलं तेव्हा, म्हणूनच एवढं कळकळीने सांगतेय.

निदान चार-पाच कॉलेजं भरा, त्यातली दोन तरी अशी की जिथे तुमच्या मार्कांवर नक्की लागेल. रुईया, झेवियर्ससारखी ऑटोनॉमस कॉलेजं आपलं वेळापत्रक स्वतः लावतात, त्यामुळे त्यांच्या साइटवर रोज एक चक्कर मारा. बीएमएस, बीबीए, बीसीएला २०२४ पासून सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा लागते, ती दिली नसेल तर काही कॉलेजांत बीकॉममध्येच मॅनेजमेंट स्टडीज आहे, तिथे विचारून बघा.

आता कागदपत्रं. नाव बारावीच्या मार्कशीटवर आहे अगदी तसंच टाका, आधारवर वेगळं असेल तर आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या. एबीसी आयडी, म्हणजे तुमचे क्रेडिट्स जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर, डिजिलॉकरवरून निघतो, पाच मिनिटांचं काम आहे. खरा वेळ खातात उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. रिझल्टनंतर सेतूत ही गर्दी असते, त्यामुळे परीक्षा संपली की लगेच 'आपले सरकार'वर अर्ज टाकून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरवरची मुदत कधीपर्यंत आहे ते बघा, जुना दाखला घेऊन गेलात तर रिझर्व्हेशनची सीट हातची जाते. स्कॉलरशिपचा महाडीबीटीचा फॉर्म परत वेगळा, तो ॲडमिशननंतर, पण दाखले बरेचसे हेच लागतात.

लिस्टमध्ये नाव आलं की फी भरायला मोजकेच दिवस मिळतात. पुढच्या लिस्टमध्ये आणखी चांगलं कॉलेज लागेल म्हणून हातातली सीट सोडू नका, आधी ही पक्की करा, बदलायचं नंतर बघता येईल. फी भरल्याची पावती मोबाईलमध्ये आणि कागदावर अशी दोन्हीकडे ठेवा.

आणि ओरिजिनल एलसी (लिव्हिंग सर्टिफिकेट) कॉलेजात जमा करायच्या आधी तिच्या पाच-सहा झेरॉक्स काढा आणि एक नीट स्कॅन करून स्वतःला मेल करून ठेवा, कारण ती एकदा तिथे गेली की कॉलेज सोडेपर्यंत तिथेच राहते.