जुन्या ट्रकची फ्युजिबल लिंक उडाली असेल तर

फ्युजबॉक्समधले सगळे फ्युज शाबूत, तरी अर्ध्या गाडीला करंट नाही? मग स्टार्टरच्या बॅटरी-बोल्टपाशी किंवा बॅटरीच्या प्लसपाशी निघणाऱ्या बारीक वायरी बघा. त्याच फ्युजिबल लिंक: जास्त करंट आला की फ्युजसारख्या वितळून सर्किट तोडणाऱ्या वायरी. उडालेल्या लिंकचं आवरण फुगतं, पण नेहमीच नाही. वायर हलकेच ओढा. रबरासारखी ताणली तर आतली तार वितळली आहे. खात्री टेस्ट लॅम्पने करा: बॅटरीकडच्या टोकाला दिवा पेटतो, दुसऱ्या टोकाला नाही. मल्टिमीटरच्या नुसत्या बझरवर विसंबू नका, एखादा धागा शिल्लक असला तरी तो वाजतो.

आधी बॅटरीचा मायनस काढा आणि शॉर्ट शोधा, नाहीतर नवी लिंकही लगेच जाईल. घासून सोललेली वायरिंग अनेकदा चेसिसला टेकलेली असते, तिथूनच सुरुवात करा.

नवी लिंक मूळ मापाचीच हवी. माप पुसलं असेल तर सर्किटच्या वायरपेक्षा चार एडब्ल्यूजी गेज (अमेरिकन वायर-माप, आकडा मोठा तितकी वायर बारीक) बारीक, म्हणजे १० गेजच्या वायरला १४ ची लिंक. लांबी साधारण १५ ते २२ सेंमी. नाशिकला द्वारका-आडगाव नाक्याकडे स्पेअर घेताना ‘फ्युजिबल लिंक वायर’ असंच मागा. साधी वायर जोडली तर पुढच्या शॉर्टला तिचं आवरण पेटू शकतं. जोड क्रिंप करून सोल्डरचा डाग द्या, वर हीटश्रिंक नळी चढवा.