रॉटरडॅमचा कायदा नाशिकमध्ये बसून शोधताना

माझ्या वकिलीच्या तिसऱ्या वर्षी, एप्रिल महिन्यात, निफाड तालुक्यातील नाना नावाचे एक द्राक्ष निर्यातदार नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या आमच्या कार्यालयात आले आणि त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक होता रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा ऑर्डर फॉर्म. दुसरा त्याच खरेदीदाराचा ईमेल होता, ज्यात थॉमसन सीडलेसच्या एका कंटेनरमधील माल मऊ पडल्याचे सांगून किमतीत मोठी कपात मागितली होती. आमच्या भागात याला ‘क्लेम लागला’ असे म्हणतात. ईमेल आला तेव्हा माल खरेदीदाराच्या गोदामात पोहोचून तीन आठवडे उलटले होते. ‘वकीलसाहेब, इतक्या उशिरा क्लेम टाकता येतो का, तेवढं तिथल्या कायद्यात बघून सांगा,’ असे नाना म्हणाले. माझे सीनियर त्या आठवड्यात उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबईला होते, त्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

ऑर्डर फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘या व्यवहारास नेदरलँड्सचा कायदा लागू राहील’ असे छापलेले होते. तेवढ्या एका ओळीच्या भरवशावर मी डच नागरी संहिता उघडली. तिच्या सातव्या भागातील २३ वे कलम मला सापडले. दोष लक्षात आल्यावर खरेदीदाराने योग्य वेळेत विक्रेत्याला कळवले नाही तर त्याचा तक्रारीचा हक्क जातो, असे ते सांगते. त्यावरील निकालांची यंत्राने केलेली भाषांतरे वाचून चार दिवसांत मी सहा पानांचे टिपण लिहिले. सर परतले, त्यांनी पहिले पान वाचले आणि एकच प्रश्न विचारला, ‘व्हिएन्ना करार वगळलाय का?’ तो वगळलेला नव्हता, आणि माझी सहाही पाने भलत्याच कायद्यावर लिहिली गेली होती.

आंतरराष्ट्रीय मालविक्रीसंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८० मध्ये व्हिएन्ना येथे संमत झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. भारताने तो स्वीकारलेला नाही, ब्रिटननेही नाही, त्यामुळे आपल्याकडील विद्यार्थ्याला तो सहसा परीक्षेपुरताच भेटतो. नेदरलँड्समध्ये मात्र तो १९९२ पासून लागू आहे. त्याच्या पहिल्याच कलमाप्रमाणे, दोन्ही पक्ष सदस्य देशांतील नसले तरी, कोणता कायदा लावायचा हे ठरवणारे नियम एखाद्या सदस्य देशाच्या कायद्याकडे नेत असतील तर हा करार लागू होतो. म्हणजे ‘डच कायदा’ असे लिहिले की त्यात व्हिएन्ना करारही येतो, कारण तो डच कायद्याचाच भाग आहे. तो नको असेल तर पक्षांनी तसे ठरवावे लागते. उलट त्या फॉर्मवर कायद्याचा उल्लेखच नसता आणि वाद डच न्यायालयात गेला असता, तर युरोपीय संघाचा ५९३/२००८ क्रमांकाचा, ‘रोम एक’ या नावाने ओळखला जाणारा नियम पुढे आला असता. त्याच्या चौथ्या कलमानुसार मालविक्रीत सामान्यतः विक्रेत्याच्या देशाचा कायदा लागतो, आणि मग रॉटरडॅमच्या न्यायाधीशाला आपला १९३० चा मालविक्री कायदा वाचावा लागला असता. एका बारीक ओळीने प्रकरणाचा देश बदलतो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की कलम शोधण्याआधी कोणाचा कायदा हे निश्चित करावे, आणि त्यासाठी अशिलाकडून करारच नव्हे, तर ऑर्डर, बीजक, ईमेल आणि त्यामागे छापलेल्या अटी, असे सगळे कागद मागवावेत. डच व्यापारी आपल्या सर्वसाधारण अटी तेथील चेंबर ऑफ कॉमर्सकडे दाखल करून ठेवतात आणि बीजकावर त्यांचा फक्त उल्लेख करतात. आमच्या नानांनी त्या अटी कधी पाहिलेल्याच नव्हत्या. त्या खरोखर करारात सामील झाल्या होत्या का, हा स्वतंत्र प्रश्न होता.

दुसरे, थेट मूळ कायद्यात उडी मारू नये. ज्या देशाची न्यायव्यवस्था आपल्याला अपरिचित आहे, तिथे आधी एखादी संशोधन मार्गदर्शिका वाचावी. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ‘ग्लोबालेक्स’वर अनेक देशांच्या अशा मार्गदर्शिका विनामूल्य आहेत, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची देशवार दुव्यांची यादीही उपयोगी पडते. राजपत्र कुठे निघते, न्यायालयांची उतरंड कशी आहे, निकालांना किती वजन आहे, हे अर्ध्या तासात कळते. मी हा अर्धा तास वाचवला होता आणि त्यापायी चार दिवस घालवले.

मूळ कायदा वाचताना सर्वाधिक चुका तारखेच्या होतात, आणि याचे उदाहरण नाशिककराला दूर शोधावे लागत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या उर्वरित अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. तो फटका आमच्याकडचे बागायतदार अजून विसरलेले नाहीत. युरोपीय संघातील कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाच्या कमाल मर्यादा, म्हणजे ज्याला पॅकहाऊसमध्ये सगळे ‘एमआरएल’ म्हणतात, त्या ३९६/२००५ या नियमात आहेत. एखाद्या घटकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. हा नियम ‘युर-लेक्स’ या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो, परंतु तिथे तो दोन रूपांत दिसतो: २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला मूळ मजकूर आणि नंतरच्या दुरुस्त्या घालून तयार केलेला एकत्रित मजकूर. नवखा माणूस मूळ मजकूर उघडतो आणि कालबाह्य मजकुरावर विसंबतो. थोडा अनुभवी माणूस एकत्रित मजकूर उघडतो, पण त्याच्या शिरोभागी दिलेल्या तारखेनंतर आणखी एखादी दुरुस्ती झाली आहे का, हे पाहत नाही. त्याहून बारीक गोष्ट अशी, की एकत्रित मजकूर केवळ संदर्भासाठी असतो आणि दुरुस्ती करणाऱ्या नियमातील संक्रमणकालीन तरतुदी त्यात उतरतीलच असे नाही. ‘अमुक तारखेपूर्वी तयार झालेल्या मालास जुनी मर्यादा लागू राहील’ असे वाक्य अनेकदा त्या दुरुस्तीच्या नियमातच राहून जाते, आणि अशिलाचा माल नेमका त्याच वाक्यात बसत असतो. त्यामुळे निर्णायक आकड्यासाठी दुरुस्तीचा नियम स्वतंत्रपणे उघडून वाचल्याशिवाय मी आता मत देत नाही.

ब्रिटनच्या बाबतीत देशाचे नाव पुरेसे नसते. इंग्लंड व वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड अशा तीन स्वतंत्र न्यायव्यवस्था तिथे आहेत. उर्वरित अंशांच्या बाबतीत ग्रेट ब्रिटनच्या मर्यादा आता वेगळ्या आहेत, तर उत्तर आयर्लंडमध्ये सामान्यतः युरोपीय संघाच्याच मर्यादा चालतात. इंग्लंडमधील फेलिक्स्टो बंदरात उतरणारा माल आणि उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टला जाणारा माल कायद्याच्या दृष्टीने दोन ठिकाणी जातो. अमेरिकेबद्दल एवढेच सांगतो, की मालविक्रीसारख्या व्यवहाराचा कायदा तिथे मुख्यतः राज्यांचा असतो. राज्य कोणते हे विचारल्याशिवाय काम सुरू करू नये.

भाषेचा अडसर मात्र आपण कमी लेखतो. जर्मन व्यापारी संहितेचे ३७७ वे कलम खरेदीदार व्यापाऱ्याला माल तपासून दोष ‘उनफरत्स्यूगलिश’ कळवायला सांगते. भाषांतरात याचे ‘तात्काळ’ झाले की आपण घड्याळ पाहू लागतो. प्रत्यक्षात या शब्दाची व्याख्या जर्मन नागरी संहितेच्या १२१ व्या कलमात, म्हणजे दुसऱ्याच कायद्यात, आहे आणि तिचा अर्थ ‘स्वतःच्या कसुरीने विलंब न लावता’ असा होतो. जर्मनीच्या न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अनेक कायद्यांची इंग्रजी भाषांतरे आहेत, पण ती अधिकृत नाहीत आणि मूळ मजकुराच्या मागे राहू शकतात. यंत्राचे भाषांतर मीही रोज वापरतो. कलम कुठे आहे ते शोधायला ते उत्तम आहे, कलमाचा अर्थ ठरवायला नाही.

शब्दांपेक्षाही फसवी असते ती आपली सवय. मोबदल्याविना केलेला करार सहसा रद्द ठरवणाऱ्या, भारतीय करार कायद्याच्या २५ व्या कलमावर वाढलेला वकील जर्मन नागरी संहितेत ‘मोबदल्या’ची अट शोधत बसतो, तिथे करार वैध ठरण्यासाठी ती अटच नाही. करार पाळणे अशक्य झाल्यास तो रद्द ठरवणाऱ्या आपल्या ५६ व्या कलमासारखे काहीतरी शोधताना तिथे २७५ आणि ३१३ अशी दोन कलमे पाहावी लागतात, आणि दोन्ही मिळूनही आपले ५६ वे कलम होत नाही. त्यामुळे आपल्या कायद्यातील संज्ञा घेऊन शोध न घेता घटना साध्या शब्दांत मांडावी: माल नाशवंत होता, खरेदीदाराने उशिरा कळवले, याचा परिणाम काय? असा प्रश्न कोणत्याही कायद्याला विचारता येतो.

व्हिएन्ना कराराच्या ३८ आणि ३९ व्या कलमांत आम्हाला उत्तर मिळू लागले. परिस्थिती पाहता शक्य तितक्या कमी वेळात माल तपासावा, तो दूर पाठवायचा असल्यास तपासणी मुक्कामाच्या ठिकाणी केली तरी चालते, आणि दोष कळल्यापासून किंवा कळायला हवा होता तेव्हापासून वाजवी मुदतीत, दोषाचे स्वरूप सांगून, विक्रेत्याला कळवावे. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कलमात नाही, ते निकालांत आहे. निरनिराळ्या देशांतील अशा निकालांचे सारांश संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या ‘क्लाउट’ या संग्रहात मिळतात. सारांशावर विसंबू नये. त्यातून निकालाचा क्रमांक घ्यावा आणि त्या देशाच्या न्यायालयीन संकेतस्थळावर मूळ निकाल गाठावा.

इतके करूनही आपण डच वकील होत नाही, आणि हे अशिलाला लेखी सांगितलेले बरे. आपल्या न्यायालयात परदेशी कायदा वस्तुस्थितीसारखा सिद्ध करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ३९ व्या कलमात, जुन्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणेच, परदेशी कायद्यावर तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले आहे. नाशिकच्या न्यायालयात मी संकेतस्थळाचे छापील पान दाखवून डच कायदा सांगू लागलो, तर समोरचे वकील पहिला आक्षेप इथेच घेतील.

म्हणून सरांनी माझे नवे टिपण दोन पानांवर आणले आणि ते रॉटरडॅमच्या एका वकिलाकडे पाठवले. त्यात घटनाक्रम, आम्ही पाहिलेली कलमे, प्रत्येक मजकूर कोणत्या तारखेचा होता त्याची नोंद आणि शेवटी तीनच प्रश्न होते. तिकडचे वकील तासावर शुल्क घेतात. नेमके विचारले तर नानांचे पैसे वाचतात. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. ताज्या फळांसाठी तीन आठवडे फार झाले, हे आमचे म्हणणे टिकण्याजोगे होते, परंतु आमच्या नजरेतून व्हिएन्ना कराराचे ४० वे कलम सुटले होते: दोष विक्रेत्याला आधीच माहीत असेल आणि त्याने तो सांगितला नसेल, तर उशिराची सबब त्याला घेता येत नाही. तेव्हा माल भरताना काय स्थिती होती, याचा पुरावा रॉटरडॅमच्या वकिलांना हवा होता. त्याच संध्याकाळी मी नानांना फोन करून पॅकहाऊसचे प्रीकूलिंगचे, म्हणजे माल भरण्याआधी थंड करण्याचे, रजिस्टर आणि कंटेनरमधील तापमान टिपणाऱ्या डेटा लॉगरच्या नोंदी मागवल्या. रजिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी निफाडहून आले, नोंदी तासागणिक नीट होत्या, आणि जूनमध्ये खरेदीदार मागितलेल्या कपातीच्या पाव हिश्श्यावर तयार झाला.