कोलोरॅडोत एल्कचा पहिला टॅग काढण्याआधी

इथली मराठी मंडळी हल्ली शिकारीच्या ड्रॉबद्दल, म्हणजे टॅगच्या (एका जनावरामागे मिळणाऱ्या परवान्याच्या) सोडतीबद्दल, विचारू लागली आहेत. पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं युनिट, म्हणजे शिकारीचा कुठला विभाग, भरू? मी उलट विचारते, जनावर पडलंच तर ते गाडीपर्यंत कसं आणणार? माझ्या मते सगळी तयारी या प्रश्नापासून मागे मोजत यायला हवी.

एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातलं हरिण. पूर्ण वाढलेला नर साधारण ७०० पौंडांचा, मादी ५०० पौंडांची. मादीचं हाडं काढलेलं मांससुद्धा शंभर-दीडशे पौंडांच्या घरात जातं. ते नऊ-दहा हजार फुटांवरून, वाट नसलेल्या उतारावरून, पाठीवर, खेपा करून आणायचं असतं. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा कोलोरॅडोत गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते करू नये, असं मी मनापासून मानते. म्हणून पहिल्या वर्षी रस्त्यापासून दीड-दोन मैलांपलीकडे जाऊ नका, आणि सोबत ओझं वाहणारा एक तरी माणूस असू द्या.

आता कागदपत्रं. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. त्याचं कार्ड हातात असल्याशिवाय अर्ज करता येत नाही, म्हणून तो हिवाळ्यातच उरका. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे. तेव्हा परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. मित्राची उसनी बंदूकही याला अपवाद नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, ऑफिसातल्या कुणाला नको.

मोठ्या जनावरांचे अर्ज मार्चच्या सुरुवातीला उघडतात आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतात. त्याआधी पात्रतेचं एक लायसन्स विकत घ्यावं लागतं. अर्जात चार पर्याय भरता येतात. पहिल्या पर्यायाला टॅग लागला नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे पुढच्या ड्रॉसाठी प्राधान्याचा गुण, जमा होतो. पहिल्या पर्यायाचा टॅग लागला की साठलेले पॉइंट शून्यावर येतात. मोठ्या शिंगांच्या नरासाठी नावाजलेल्या युनिटांत माणसं वर्षानुवर्षं पॉइंट साठवतात. नवख्याने त्या रांगेत उभं राहू नये. मादीचा टॅग भरा. तो बऱ्याच युनिटांत सहज लागतो, आणि शिकायचं असतं ते सगळं मादीच्या शिकारीत शिकता येतं. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी युनिटवार आकडे जाहीर करतं: किती अर्ज आले, किती टॅग लागले, किती जनावरं मिळाली. ते आकडे वाचायला एक रविवार द्या. आणि घरापासून दोन-तीन तासांवरचं युनिट निवडा. उन्हाळ्यात पायाखाली न घातलेलं रान ऑक्टोबरच्या अंधारात ओळखीचं होत नाही.

नकाशावर नॅशनल फॉरेस्ट, बीएलएम (केंद्राच्या जमीन खात्याची जमीन) आणि खाजगी जमीन यांचे रंग पाठ करा. कोलोरॅडोत खाजगी जमिनीला पाटी किंवा कुंपण असण्याची सक्ती नाही. पाटी दिसली नाही, हे उत्तर चालत नाही. फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून ठेवा, रेंज जाणारच. सरकारी जमिनीचे दोन तुकडे फक्त कोपऱ्याला टेकतात, तिथून ओलांडण्यावरून वायोमिंगमधला एक खटला गाजला. २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी पहिल्या वर्षी असे कोपरे सोडूनच द्या.

नेमबाजीबद्दल थोडक्यात: रेंजवरच्या टेबलावरून मारलेली गोळी मोजू नका. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने, जिना चढून धाप लागलेली असताना कागदी ताटलीत प्रत्येक गोळी बसते ते अंतर तुमचं. त्यापुढचं जनावर जाऊ द्या. रायफलच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच सलग फ्लोरोसंट केशरी किंवा गुलाबी कापड हवं, आणि डोक्यावरही त्याच रंगाचं काहीतरी.

जनावर पडल्यावर लगेच धावू नका. थोडं थांबा, पाठीमागून जा, लांब काठीने उघड्या डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही, मग रायफल रिकामी करा. टॅगवर सही आणि तारीख तिथल्या तिथे.

पोट न फाडता सोलायची पद्धत नवख्याला सोपी पडते. जनावर कुशीवर घ्या, कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत चीर द्या आणि कातडी खाली सोडवत न्या. कातडीखाली हात घातला की ऊब जाणवते. हीच ऊब मांसाची वैरी. पुढचा फरा धडाला हाडाने जोडलेला नसतो. पाय वर उचलून धरला की खांद्याचं पातं बरगड्यांवरून सरकत जातं आणि फरा अलगद हातात येतो. मागच्या फऱ्याला खुब्याचा गोल सांधा शोधावा लागतो. मग कण्यालगतचा लांब पट्टा, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतला मऊ पट्टा. नंतर जनावर उलटवून दुसरी बाजू. नर-मादी ओळखू येईल असा भाग एका फऱ्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या, तपासणीत तो बघतात. मांस जाळीदार कापडी पिशव्यांत भरून सावलीत, वाऱ्यावर टांगा. हाडाजवळचं मांस सर्वात आधी बिघडतं, म्हणून दिवस गरम असेल तर तिथेच हाडं काढा.

इथल्या हरणांच्या कळपांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा आजार आहे. डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत पाकिटांवर तारीख घालून मांस फ्रीझरमध्ये ठेवा. निकाल पॉझिटिव्ह आला तर ते खाऊ नका. निगेटिव्ह आला की आधी चरबी खरवडून काढा. ती थंड झाली की मेणासारखी टाळूला चिकटते. पाठीचा पट्टा तव्यावर झटपट. नळ्यांना मात्र कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मंद आच, तीन तास तरी.